इन्सब्रुक आणि परिसर: चांदी, कांस्य आणि डोंगर यांनी घडवलेले शहर

महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत इन्सब्रुकचे नाव बहुधा असते, पण ते स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या मधला एक थांबा म्हणून. बस जुन्या गावाच्या कडेला उभी राहते, मंडळी अरुंद गल्लीतून सोनेरी छतापर्यंत चालत जातात, छायाचित्रे काढतात, आइस्क्रीम घेतात आणि वाटेन्सच्या स्फटिक-प्रदर्शनाकडे रवाना होतात. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताच्या या राजधानीला एवढाच वेळ देणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते सकारण मांडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. आम्ही उभयता कोणत्याही सहल कंपनीशिवाय म्युनिकहून रेल्वेने इथे आलो, जुन्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरलो आणि शहराच्या पर्यटन संस्थेचे, स्थळांचा प्रवेश आणि बस-ट्राम एकत्र देणारे ‘इन्सब्रुक कार्ड’ घेऊन शहर व आसपासचा परिसर पाहिला. माझी सारी नोकरी कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत गेली, त्यामुळे धातूच्या वस्तूंसमोर माझे पाय अधिक रेंगाळतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मात्र इन्सब्रुकच्या बाबतीत ही नजर उपयोगी पडते, कारण हे शहर ज्या पैशावर मोठे झाले तो पैसा डोंगरातून निघालेल्या चांदी-तांब्याचा होता आणि इथली पाहण्यासारखी बरीच स्थळे त्या एका सूत्रात ओवलेली आहेत.

शहराची जागा मोठी नामी आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम ५७४ मीटर उंचीवर, इन नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. उत्तरेला नॉर्डकेटे नावाची डोंगररांग घरांच्या मागूनच वर चढू लागते आणि दक्षिणेला ब्रेनर खिंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. आल्प्स ओलांडण्याच्या मोठ्या वाटांमध्ये ही खिंड बरीच सखल, म्हणून जर्मनी आणि इटली यांच्यातला व्यापार शतकानुशतके इथून गेला आणि नदीवरच्या पुलापाशी गाव वाढत राहिले. १४२० साली टिरोलच्या राज्यकर्त्यांनी आपले ठाणे मेरानहून इथे हलवले. पुढे पूर्वेला श्वात्स येथील चांदीच्या खाणी भरभराटीला आल्या आणि १४९० साली टिरोल ताब्यात आलेल्या मॅक्सिमिलियन या हाब्सबुर्ग राजाने, जो नंतर सम्राट झाला, या खाणींच्या तारणावर ऑग्सबुर्गच्या फुग्गर सावकारांकडून कर्जे उचलून लढाया, लग्ने आणि बांधकामे केली.

सोनेरी छत पाहताना हा हिशेब डोक्यात असावा. निक्लास ट्युरिंग या दरबारी स्थपतीने बांधलेला हा सज्जा १५०० साली पूर्ण झाला, आणि खालच्या चौकातले खेळ व सोहळे राजाला वरून पाहता यावेत हा त्याचा उपयोग होता. वरच्या उतरत्या छपरावर तांब्याचे २,६५७ पत्रे असून त्यांवर आगीत चढवलेला सोन्याचा मुलामा आहे. सोने पाऱ्यात कालवून तांब्यावर फासायचे आणि ताप देऊन पारा उडवून लावायचा, अशी ती जुनी पद्धत. कारागिराच्या प्रकृतीला ती घातक असे, पण मुलामा चिवट बसे. छत आकाराने लहान आहे आणि ‘एवढेच का?’ हे उद्गार मी त्या चौकात मराठीतही ऐकले. ज्यांना तसे वाटेल त्यांनी नजर छपरावरून खाली आणून कठड्यावरच्या शिल्पपट्ट्या पाहाव्यात. एका पट्टीत मॅक्सिमिलियन आपल्या दिवंगत पत्नीसह, म्हणजे बर्गंडीच्या मेरीसह, आणि तेव्हाची पत्नी मिलानची बियांका मारिया स्फोर्झा हिच्यासह दिसतो, तर शेजारच्या पट्ट्यांत नर्तक अंगाला विलक्षण पीळ देऊन नाचत आहेत. बाहेर लावलेल्या पट्ट्या प्रतिकृती असून मूळ शिल्पे फर्डिनांडेउम या संग्रहालयात जपली आहेत. सज्जामागचे संग्रहालय छोटे आहे, कार्ड असेल तर पाहून घ्यावे. जवळच्या नगरमनोऱ्याच्या १३३ पायऱ्या चढल्या की जुन्या गावाची सारी छपरे आणि त्यांच्या मागचा डोंगर एकाच दृष्टिक्षेपात येतो. ज्यांना केवळ छायाचित्र हवे आहे त्यांनी ते इथून काढावे.

इन्सब्रुकमध्ये एकच वास्तू पाहायची असेल तर मी निःशंकपणे होफकिर्शे, म्हणजे दरबारी चर्च, सांगेन. बाहेरून ते फारसे लक्ष वेधून घेत नाही. आत शिरल्यावर मात्र मध्यभागी संगमरवरी समाधी, तिच्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणारा कांस्य मॅक्सिमिलियन आणि दोन्ही बाजूंना रांगेने उभ्या असलेल्या, माणसाहून मोठ्या २८ कांस्यमूर्ती दिसतात आणि बोलणारा माणूसही आपोआप गप्प होतो. समाधी रिकामी आहे. सम्राट १५१९ साली वारला आणि त्याचे दफन व्हिएन्नाजवळच्या विनर नॉयश्टाट येथे झाले. या साऱ्या मूर्ती तिथेच आपल्या थडग्याभोवती उभ्या कराव्यात अशी त्याची इच्छा होती, पण एवढे वजन त्या जागेला पेलणारे नव्हते. अखेरीस त्याचा नातू फर्डिनांड पहिला याने खास या मूर्तींसाठी १५५३ ते १५६३ या काळात हे चर्च बांधवून घेतले. मूळ बेत ४० मूर्तींचा होता. जे पुरे झाले तेही काही दशकांचे काम आहे आणि ज्याच्यासाठी ते आरंभले त्याला पुरे झालेले पाहता आले नाही.

या मूर्ती सम्राटाच्या पूर्वजांच्या आणि त्याने आपले पूर्वज म्हणून निवडलेल्या वीरांच्या आहेत. राजे आहेत, राण्या आहेत आणि दंतकथेतला आर्थर राजाही आहे. आर्थर आणि गॉथांचा राजा थिओडोरिक या दोन मूर्तींची रेखाटने चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररची असून त्या न्युरेंबर्गच्या पेटर फिशरच्या कार्यशाळेत १५१३ साली ओतल्या गेल्या. बाकीच्या बहुतेकींचे काम शहरालगतच्या म्यूलाउ येथील ओतशाळेत गिल्ग झेसेलश्रायबर आणि त्याच्यानंतर श्टेफान गोडल यांच्या देखरेखीखाली झाले. दोन्ही कार्यशाळांतला फरक डोळ्यांना जाणवतो. आर्थर हा तोल सांभाळून, एका पायावर भार देऊन सहज उभा आहे, चिलखताच्या आत खरे शरीर असल्याची खात्री पटते. इतर कित्येक मूर्ती अधिक ताठ आणि अधिक नटलेल्या आहेत.

माझ्या व्यवसायातल्या माणसाने इथे काय पाहावे, हे थोडे सविस्तर सांगतो. एवढ्या आकाराची मूर्ती भरीव ओतत नाहीत. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, त्यावर बाहेरचा साचा, मग मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत एका दमात धातू सोडायचा. धातू कुठे आधी थिजला, हवा कोंडली किंवा गाभा केसभर सरकला, तर महिन्यांची मेहनत वाया जाते. हे ध्यानात ठेवून राण्यांच्या झग्यांवरची वेलबुट्टी पाहा, गळ्यातल्या साखळ्यांच्या कड्या पाहा, कमरपट्ट्यांवरची नावे-नक्षी पाहा. ओतून झाल्यावर छिन्नीने केलेली सफाई कुठे आहे आणि साच्यातूनच उतरलेली बारकाई कुठे आहे, हे जवळून बघितले तर ओळखता येते. काही मूर्तींच्या हातांची ठेवण अशी आहे की त्यांत मेणबत्ती धरता यावी, कारण सम्राटाच्या प्रार्थनेला उभा असलेला हा परिवार आहे. साडेचारशे वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून काही भाग पितळेसारखे पिवळे चकाकतात आणि बाकी मूर्ती काळसर राहिल्या आहेत. मी त्या रांगेपुढून परत परत चाललो आणि प्रत्येक फेरीत काहीतरी नवे सापडले.

समाधीच्या बाजूंवर आलेक्सांडर कोलिनने कोरलेली संगमरवरी दृश्ये आहेत. सम्राटाची लग्ने, तह आणि लढाया त्यांत आहेत, आणि बोटभर उंचीच्या सैनिकांच्या मागे गावांचे तटही दिसतात. ती मन लावून पाहायची असतील तर सकाळी लवकर जावे, कारण दुपारी गट येऊ लागले की जाळीपाशी उभे राहायला जागा मिळत नाही. वरच्या अंगाला असलेल्या रुपेरी कपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, आर्चड्यूक (हाब्सबुर्ग राजपुत्र) फर्डिनांड दुसरा आणि त्याची पत्नी फिलिपिने वेल्झर यांची थडगी आहेत. चर्चमधला १५५८ सालचा, यॉर्ग एबर्ट या कारागिराने बांधलेला ऑर्गन आजही वाजतो. स्वीडनची राणी क्रिस्टिना हिने १६५५ साली कॅथलिक पंथाचा जाहीर स्वीकार याच चर्चमध्ये केला. नेपोलियनच्या आणि बव्हेरियाच्या सैन्याविरुद्ध १८०९ मध्ये टिरोलच्या शेतकऱ्यांचे नेतृत्व करणाऱ्या आंद्रेआस होफरचे थडगेही इथेच, दारापासून जवळ आहे. लगतच्या लोककला संग्रहालयात डोंगरातल्या घरांच्या लाकडी खोल्या जशाच्या तशा उचलून आणून मांडल्या आहेत. दोन्हींना एकच तिकीट चालते आणि दोन्ही मिळून अर्धा दिवस सहज जातो.

मूर्ती पाहून झाल्यावर त्याच दिवशी ग्रासमायर घंटा-ओतशाळेत जावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. जुन्या गावापासून दक्षिणेला, विल्टन भागात, ही पेढी १५९९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि आजही तिथून घंटा तयार होऊन जगभर जातात. संग्रहालय आणि चालू कारखाना एकाच आवारात असल्यामुळे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आणि खरे काम यांत इथे अंतर नाही. घंटेचा साचा विटा आणि मातीचा असतो, त्या मातीत घोड्याची लीद आणि बकरीचे केस मिसळतात, म्हणजे भाजताना तंतू जळून सूक्ष्म छिद्रे राहतात आणि ओतताना वायूला वाट मिळते. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींनाही मातीच्या साच्यात लीद घालताना मी पाहिले आहे, त्यामुळे तो फलक वाचताना मला फार आनंद झाला. साचे जमिनीतल्या खड्ड्यात पुरून, भोवती माती ठासून मग कांस्य ओततात. त्यात सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. घंटेच्या भिंतीची जाडी खालपासून वरपर्यंत कशी बदलत जाते यावर तिचा स्वर ठरतो. नादकक्षात लाकडी ठोकणीने घंटा वाजवून पाहता येते आणि कडेला हलकेच बोट टेकवले की कुठे थरार आहे आणि कुठे नाही, हे हाताला कळते. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांतली भीमाशंकरची किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना युरोपीय घंटा कशी घडते हे इथे उलगडून दिसेल. रविवारी ओतशाळा बंद असते, हे आधी पाहून ठेवावे.

चांदीचे मूळ पाहायचे तर शहराबाहेर पडावे लागते आणि त्यासाठी गाडीची गरज नाही. इन्सब्रुकहून पूर्वेला जाणारी स्थानिक रेल्वे आधी हाल या गावी आणि नंतर श्वात्सला पोहोचते. हाल इन्सब्रुकपासून दहाएक किलोमीटरवर आहे, आणि त्याचे जुने गाव इन्सब्रुकच्या जुन्या गावाहून मोठे व कितीतरी शांत आहे. डोंगरातल्या खाणीचे मिठाचे पाणी नळांवाटे खाली आणून इथे उकळत आणि मीठ काढत, तो व्यवसाय १९६७ पर्यंत चालला. १४७७ साली टिरोलची टांकसाळ मेरानहून हालला आली, श्वात्सची चांदी जवळ म्हणून, आणि १४८६ मध्ये तिथे मोठे चांदीचे नाणे पाडले गेले. सोन्याच्या गुल्डनच्या किमतीचे हे जाड, वजनदार नाणे पुढच्या काळातल्या युरोपातल्या मोठ्या चांदीच्या नाण्यांचा पूर्वज ठरले. हासेग किल्ल्यातल्या टांकसाळ-संग्रहालयात पाण्याच्या चाकावर चालणारे रूळ-यंत्र पुन्हा बांधून ठेवले आहे. दोन रुळांवर नाण्यांचे ठसे कोरलेले असतात, चांदीची पट्टी त्यांच्यामधून सरकली की दोन्ही बाजू एकदम उमटतात, आणि मग नाणी कापून काढायची. हातोड्याने एकेक नाणे पाडण्याच्या काळात हे केवढे पाऊल होते, हे यंत्रापुढे उभे राहिल्यावर समजते. शेजारचा मनोरा चढता येतो. वरच्या चौकातल्या संत निकोलस चर्चमध्ये एका कपेलमध्ये संतांच्या अस्थी आणि कवट्या उशांवर मांडून ठेवल्या आहेत. लहान मुले बरोबर असतील तर पालकांनी हे आधीच जाणून असावे.

श्वात्सच्या खाणीत छोट्या गाडीत बसून ८०० मीटर आत नेतात. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर त्यांनी दिलेला कोट, आणि तरीही आत थंडी वाजते. हा बोगदा खोदायला १४९१ साली सुरुवात झाली. खाण खोल गेली तसे पाणी साचू लागले, तेव्हा शेकडो माणसे शिडीवर एकाखाली एक उभी राहून चामड्याच्या बादल्या हातोहात वर पोहोचवत असत. १५५६ साली पाण्याच्या चाकावर चालणारे मोठे उपसायंत्र बसवल्यावर त्यांची गरज संपली आणि त्यांची रोजीरोटीही गेली. वाटाड्या हे सांगत होता तेव्हा बाजूच्या चरातून पाणी खळाळत वाहत होते. गावातल्या चर्चच्या विस्तीर्ण छपरावर तांब्याचे सुमारे १५,००० पत्रे आहेत, आणि आतला सभामंडप एके काळी नागरिकांचा अर्धा भाग आणि खाणकामगारांचा अर्धा भाग असा विभागलेला होता. इन्सब्रुकचे सोनेरी छत पाहून आलेल्याने हे छप्पर अवश्य पाहावे, कारण हा पैसा ज्यांच्या कष्टातून आला त्यांनी देवासाठी काय बांधले, ते इथे दिसते.

आता डोंगर. नॉर्डकेटेवर जाण्याची सोय हे इन्सब्रुकचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे, आणि मला ठाऊक असलेल्या कोणत्याही शहरात अशी सोय नाही. जुन्या गावाच्या टोकाला काँग्रेस स्थानकात हुंगरबुर्गबान या उतारावरच्या रेल्वेत बसायचे. ती आधी जमिनीखालून जाते, मग पुलावरून इन नदी ओलांडते आणि काही मिनिटांत हुंगरबुर्गच्या पठारावर आणून सोडते. चढ बदलला तरी डब्यातली जमीन सपाटच राहते. माझ्या पत्नीला गुडघेदुखीमुळे पायऱ्या नकोशा वाटतात, तिलाही इथे त्रास झाला नाही. या मार्गावरची चार स्थानके वास्तुविशारद झाहा हदीद यांची असून ती २००७ साली खुली झाली. वितळता बर्फ जसा कडेवरून ओघळावा तशी काचेची पांढरी छपरे आहेत, आणि पाठीमागे खरा डोंगर असतानाही ती ओशाळवाणी वाटत नाहीत. हुंगरबुर्गहून पाळण्याने, म्हणजे रोपवेने, १,९०५ मीटरवरच्या झेग्रुबेला आणि तिथून दुसऱ्या पाळण्याने हाफेलेकारला जायचे. वरची स्थानके १९२८ सालची, फ्रान्त्स बाउमान या टिरोली वास्तुविशारदाची आहेत. दगडी पायऱ्या, साधी लाकडी बाके, उताराला धरून वळलेली भिंत. हदीद यांची स्थानके जगभर गाजली आहेत, पण मला बाउमानचे काम अधिक भावले.

हाफेलेकार स्थानकापासून २,३३४ मीटरच्या शिखरापर्यंत मुरमाड पायवाट जाते. चढ थोडा असला तरी खडा आहे आणि विरळ हवेत दम लागतो, तेव्हा ज्येष्ठांनी घाई करू नये आणि चपला घालून अजिबात जाऊ नये. शिखरावर उभे राहिल्यावर दक्षिणेला पायाखाली सारे शहर, विमानतळाची धावपट्टी आणि ब्रेनरकडे जाणारे खोरे दिसते, तर उत्तरेकडे वळले की एकही घर नाही, फक्त कारवेंडेलच्या करड्या चुनखडीच्या रांगा एकामागे एक. पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे माणसाला न भिता खाऊ मागायला येतात. विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांचा, शोध लावणाऱ्या व्हिक्टर हेस यांनी १९३१ साली इथे निरीक्षणकेंद्र उभारले आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मारिएटा ब्लाउ आणि हेर्टा वांबाखर यांनी याच ठिकाणी ठेवलेल्या छायाचित्रण-काचांवर विश्वकिरणांच्या आघाताने अणुकेंद्रे फुटल्याच्या ताराकृती खुणा मिळवल्या. पाळण्यातून उतरणाऱ्या शेकडो लोकांना याची कल्पना नसते याचे मला वाईट वाटले. उतरताना मधल्या स्थानकावर आल्पाइन प्राणिसंग्रहालय आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात केवळ आल्प्सचे प्राणी ठेवतात. युरोपातून हद्दपार होऊ लागलेल्या दाढीवाल्या गिधाडाला पुन्हा आल्प्समध्ये वसवण्याच्या कामात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

आम्ब्रास हा किल्ला शहराच्या आग्नेयेला टेकडीवर आहे. फर्डिनांड दुसरा आणि फिलिपिने वेल्झर यांचे ते निवासस्थान. ती व्यापारी घराण्यातली असल्यामुळे लग्न बराच काळ गुप्त ठेवावे लागले होते. त्याने जमवलेला चिलखतांचा आणि अद्भुत वस्तूंचा संग्रह जिथे मांडायचा म्हणून इमारत बांधली, तिथेच तो आजही अंशतः मांडलेला आहे, त्यामुळे युरोपातल्या सुरुवातीच्या संग्रहालयांत आम्ब्रासची गणना होते. चेहऱ्यावर केसच केस असलेल्या पेत्रुस गोन्साल्वुसचे आणि त्याच्या मुलांचे चित्र इथे आहे. राजदरबारांनी त्यांना नवल म्हणून वागवले, पण चित्रातले त्यांचे डोळे माणसाचे आणि खिन्न आहेत. ४३ मीटर लांबीच्या स्पॅनिश दिवाणखान्याच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या आहेत. इथे जायला बस मिळते आणि बागेत मोर फिरतात. बर्गइझेलच्या स्की-उडीच्या मनोऱ्याला, जो २००२ पासून हदीद यांच्याच आराखड्याचा आहे, मी इतका वेळ देणार नाही. १९६४ आणि १९७६ या दोन हिवाळी ऑलिंपिकच्या उड्या या टेकडीवर झाल्या, वरून दृश्य उत्तम आहे, पण नॉर्डकेटे पाहून झाल्यावर त्याचे अप्रूप उरत नाही. खालच्या संग्रहालयातले १८०९ च्या लढाईचे प्रचंड वर्तुळाकार चित्र मात्र चुकवू नये.

वाटेन्सविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्या सहलींचा ओढा तिकडेच असतो. डॅनिएल स्वारोव्स्की यांनी १८९५ साली काच घासण्याचा कारखाना तिथे काढला, तो पाण्यावर चालणारी वीज तिथे मिळे म्हणून. शताब्दीच्या वेळी, १९९५ साली, आन्द्रे हेलर यांच्या कल्पनेतून गवताळ राक्षसाच्या तोंडून पाणी पडणारे ते प्रसिद्ध प्रदर्शन उभे राहिले. लहान मुलांना ते फार आवडते, बागेतला स्फटिकांचा ढग उन्हात सुंदर दिसतो, आणि कार्डात प्रवेश व शटल बस दोन्ही येतात. तरीही वेळ मोजका असेल तर मी वाटेन्सऐवजी हाल निवडेन.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चीज घातलेले कास्प्रेसक्नोडल हे चपटे तळलेले गोळे स्वतः शाकाहारी असले तरी बहुधा गोमांसाच्या रश्शात वाढतात. जुन्या गावातल्या एका भोजनगृहात आम्ही विचारून मागवले, वाढणाऱ्याने मांस नाही असे सांगितले आणि समोर तोच रस्सा आला. त्याच्या लेखी रस्सा म्हणजे मांस नव्हे. म्हणून रस्सा कशाचा आहे हे वेगळे विचारावे, किंवा ते गोळे कोबीच्या सॅलडबरोबर मागवावेत. पालकाचे क्नोडल, चीज आणि तळलेला कांदा घातलेले केझेश्पेट्सले, पालक भरलेल्या अर्धचंद्राकृती श्लुत्सक्राप्फन या पदार्थांनी पोट नीट भरते, आणि आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर येणारा काइझरश्मारेन हा तुकडे केलेला गोड पॅनकेक दोघांत एक पुरतो. मांसाहारी वाचकांनी बटाटा, कांदा, मांस आणि वर अंडे अशा ग्रोस्टलचा लोखंडी तवा मागवावा. नळाचे पाणी नॉर्डकेटेच्या पोटातल्या झऱ्यांचे आहे, ते बाटलीत भरून घ्यावे, विकत घेऊ नये.

राहता राहिले कार्ड. ते २४, ४८ आणि ७२ तासांचे मिळते आणि पहिल्या वापरापासून वेळ मोजली जाते. वर सांगितलेली इन्सब्रुकमधली संग्रहालये, घंटा-ओतशाळा, आम्ब्रास, हालची टांकसाळ, नॉर्डकेटेची एक जा-ये, शहरातल्या बस व ट्राम आणि वाटेन्स हे सारे त्यात येते. नॉर्डकेटेचे परतीचे तिकीट एरवी एवढे महाग आहे की कार्डाच्या किमतीतला मोठा वाटा त्या एका फेरीतच वसूल होतो. प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश मिळतो, त्यामुळे शिखरावर ढग असताना घाईने वर जाऊन ती फेरी खर्च करू नये. माझ्या मते २४ तासांचे कार्ड घेतल्यास धावपळ होते, ४८ तासांचे सर्वांत योग्य, आणि ७२ तासांचे हालसाठी एक निवांत दिवस काढायचा असेल तरच घ्यावे. सहभागी हॉटेलात दोन रात्री राहणाऱ्यांना सार्वजनिक वाहतुकीचे वेलकम कार्ड विनामूल्य मिळते, तेव्हा ते हातात आल्यावरच किती तासांचे कार्ड घ्यायचे हे ठरवावे.

दक्षिणेकडून येणारा फोन नावाचा उबदार वारा जोरात सुटला की वरचे पाळणे बंद ठेवतात, म्हणून डोंगर पहिल्या स्वच्छ सकाळी उरकून घ्यावा आणि चर्च-संग्रहालये ढगाळ दिवसासाठी राखावीत. वसंत आणि शरद ऋतूंत देखभालीसाठीही पाळणे काही दिवस थांबतात आणि नोव्हेंबरमध्ये आम्ब्रास पूर्ण बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी या दोन्ही गोष्टींच्या तारखा तिकिटे काढण्यापूर्वीच पाहाव्यात.